आधी धरणं पुसा

दिवाळीत आमच्या भोर-वेल्ह्याकडे अंगणात किल्ला होतोच. दगडविटांवर पोतं, वर चिखल, त्यात पेरलेले अळीव, माथ्यावर महाराज. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा हे किल्ले बघत हिंडताना एक गोष्ट खटकली. गडावर चढायला पायऱ्या असत. गडावरून दुसरीकडे जायला वाट नसे. राजगड तुळशीवृंदावनाशेजारी एकटाच उभा.

पुस्तकांतही तेच. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल, चौथीला १९७० पासून शिवचरित्र. दोन्ही एकाच दप्तरात, पण एकमेकांशी अबोला धरलेली. भूगोलात नीरा, वेळवंडी, गुंजवणी; इतिहासात महाराज राजगडावरून प्रतापगडाला गेले. नदी कुठे ओलांडली, हे कोणी विचारत नसे. मुलं नकाशावर बाण काढत. बाण सरळ जातो, सह्याद्रीत माणूस सरळ जात नाही.

मीही सुरुवातीला फूटपट्टीच वापरली. राजगड ते तोरणा, सरळ रेषेत साधारण सात किलोमीटर, बरोबरची खूण. मग एका पोराने विचारलं, "गुरुजी, मग आमच्या दादाला अख्खा दिवस का लागतो?" दादा संजीवनी माचीवरून उतरून धारेधारेने बुधला माचीकडे जाणारा. फूटपट्टी बाजूला पडली, दोरा आला. वाटेच्या वळणांवर ओला दोरा बसवायचा, मग ताणून मोजायचा.

स्थलदर्शक नकाशा तेव्हा सहज मिळत नसे. 'डोंगरयात्रा'सारख्या पुस्तकांतल्या आकृत्या गिरवून भागवायचो. २०१७ पासून सर्वे ऑफ इंडियाची पत्रकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येऊ लागली. दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर, दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा. पण गंमत अशी, की १८ अंश १५ मिनिटांवर पत्रक संपतं आणि ती कड राजगडाला चाटून जाते. तोरणा वरच्या पत्रकात. दोन कागद खळीने चिकटवल्याशिवाय स्वराज्याचे हे दोन गड एकत्र येत नाहीत. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. आमच्या जुन्या वह्यांवर अजून वेल्हेच आहे.)

समोच्च रेषा फळ्यावर कधीच कळल्या नाहीत. दिवाळीचा किल्ला कामी आला. परातीत शाडूचा डोंगर करायचा, बोटभर पाणी ओतायचं, पाण्याच्या काठाने खिळ्याने रेघ ओरखडायची, पुन्हा बोटभर पाणी. शेवटी पाणी काढून वरून बघायचं. रेघा दाटल्या तिथे कडा, विरळ झाल्या तिथे सोंड, आणि सोंडेवरूनच वाट. हे गुराख्याच्या पोरांना माझ्या आधी कळे.

सगळ्यात मोठी चूक मात्र ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. मुलं वेळवंड खोऱ्यातली जुनी वाट पाण्याला वळसा घालून काढत. नकाशावर निळं दिसतं, म्हणून. पण भाटघरचं आजचं धरण १९२८ सालचं! शिवकाळात तिथे फक्त नदी होती. त्या पाण्याला आज येसाजी कंक जलाशय म्हणतात, आणि येसाजींच्या खोऱ्यातल्या वाटाच त्याखाली गेल्या. तेव्हापासून पहिलं काम ठरलं: धरणं पुसा. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत. निळं खोडून खाली नदीची बारीक रेघ ओढायची. मे महिन्यात पाणी उतरून कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तिथे उभं केलं की पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा नियम रेघांचा. कागदपत्रांचा आधार असेल तर अखंड रेघ, ऐकीव असेल तर तुटक. तानाजींचा देह मढे घाटाने उमरठ्याला नेला, त्यावरून घाटाचं नाव पडलं असं इथे सांगतात. ती रेघ तुटक. यावर गावातून बोलणी खाल्ली आहेत. तरी रेघ तुटकच ठेवली.

तीच रेघ काढताना केळदच्या एका मुलीने वही घरी नेली. दुसऱ्या दिवशी कागदावर एकीच्या दोन रेघा झाल्या होत्या. "आजोबा म्हणाले, पावसाची वाट वेगळी नि उन्हाळ्याची वेगळी. धबधबा फुटला की मढ्याने कोण उतरतंय?" आजोबा तरुणपणी त्याच उतारांनी कर्णवडी, बिरवाडीला जाऊन आलेले.

मी तारीख बघायला सांगितली. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७०. तिने एक रेघ खोडली. मग थोडं थांबून विचारलं, "आणि शिंदचे बाजीप्रभू पन्हाळ्यावरून निघाले ते?" जुलै १६६०. तिने निळा खडू उचलला आणि वाटेवरच्या ओढ्यांवर जोरजोरात फिरवू लागली.