पैसे डेटाबेसच्या पुस्तकावर घाला

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये एका रात्री साडेअकराला वडशाहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "मामू, तीन रात्री झाल्या. पुस्तकात आहे तसंच्या तसं टाईप करते, पण चालतच नाही. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही वाटतं."

मी म्हणालो, "पडद्यावर जे येतंय ते अक्षर न् अक्षर वाच." तिने वाचले. 'फेटल एरर' आणि त्यापुढे 'कॉल टू अनडिफाइंड फंक्शन', मग 'मायएसक्यूएल', खालची आडवी रेघ, 'कनेक्ट'. मी म्हणालो, "आता पुस्तकाचं दुसरं पान उघड आणि छपाईचं साल सांग."

साल होते २०१०. बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने ते एकशे ऐंशी रुपयांना आणले होते, स्वतःच्या ईदीच्या पैशांतून.

चूक तिची नव्हती. पीएचपी ही वेबसाइटच्या मागे चालणारी भाषा. तिची सातवी आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली आणि डेटाबेसशी बोलण्याची जुनी पद्धत त्या आवृत्तीतून काढूनच टाकली गेली. त्याआधी दोन वर्षे तशी सूचनाही दिली जात होती. पण छापलेल्या पुस्तकाला ती सूचना कोण देणार? भाचीने घरच्या संगणकावर नवीन पीएचपी बसवली होती, आणि पुस्तक तिला जी कळ दाबायला सांगत होते ती कळ त्या यंत्रावर राहिलेलीच नव्हती. तिने दहा वेळा टाईप केले असते तरी तेच झाले असते.

तीन रात्रींत त्या मुलीने काय ठरवून टाकले होते ते पाहा. पुस्तक चुकीचे असू शकते हे तिच्या मनातही आले नाही; आपणच मठ्ठ आहोत, असे तिने धरले. पुणे-नागपूरच्या क्लासमध्ये शेजारच्या बाकावर कोणीतरी असते आणि पाच मिनिटांत सांगते की बाई, हे जुने झाले. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत शेजारचा बाकच नसतो. नेटवर्क दिवसातून चार वेळा जाते, वाऱ्या-पावसात वीज जाते, आणि मुलीला नागपूरला खोली करून ठेवायची ऐपत व तयारी प्रत्येक घरात नसते. मग पुस्तक हाच उस्ताद. तो निवडताना आईबापांनी थोडे लक्ष घातले पाहिजे, भले त्यांना स्वतःला संगणकातले ओ की ठो कळत नसो.

माझे म्हणणे एका वाक्यात असे: घरात पैसे थोडे असतील तर ते डेटाबेसच्या पुस्तकावर घाला, वेब प्रोग्रामिंगचे पुस्तक फुकटचे, उसने किंवा अगदी नवे असेल तरच घ्या.

कारण साधे आहे. वेबचे पुस्तक पाच-सात वर्षांत शिळे होते. डेटाबेसचे होत नाही. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध लिहिला, की माहिती तक्त्यांत ठेवावी, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि तक्ते एकमेकांशी क्रमांकांनी जोडावेत. त्यावरून १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी भाषा सुचवली, तिचेच पुढे एसक्यूएल झाले. आज बँक, रेल्वे आरक्षण, रेशनचे यंत्र, सगळीकडे मुळात तीच. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली 'सिलेक्ट'ची ओळ आजच्या यंत्रावर बहुधा तशीच्या तशी चालते.

कॉडचे म्हणणे समजायला मोठ्या पुस्तकाची गरज नाही, फडीवरची वही पुरते. आमचे दुल्हेभाई बाजारात कापड विकतात, पण मे महिन्यात कुरखेड्याकडच्या एका गावाच्या फडीवर मुन्शी म्हणून बसतात. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पहाटे जंगलात गेलेल्या बाया दुपारपर्यंत पुडे बांधून आणतात, मुन्शी मोजून वहीत मांडतो: तारीख, कुटुंबाचे नाव, गाव, पुडे, दर, रक्कम. आता तेच कुटुंब वीस दिवस आले तर त्याचे नाव वीस वेळा लिहिले जाते. एकदा 'मडावी', एकदा 'मडावि', घाईत एकदा 'मडवी'. गावात एकाच नावाची दोन माणसे असतील तर पाहायलाच नको. आणि दर बदलला की सगळी पाने खोडा.

कॉडच्या रीतीने तीन तक्ते होतात. एकात कुटुंबे, प्रत्येकाला एक क्रमांक. नाव आणि गाव फक्त तिथेच. दुसऱ्यात कोणत्या तारखेपासून कोणता दर. तिसऱ्यात रोजची नोंद, आणि तिच्यात फक्त तारीख, कुटुंबाचा क्रमांक आणि पुड्यांची संख्या. बाकी सारे मागितले की जोडून मिळते. मुलाला हे घरच्या वहीवरून समजले, मग ती फडीची असो, दुकानाच्या उधारीची असो की मोहल्ल्याच्या कमिटीच्या चंद्याची, तर पुढचे पुस्तक निम्मे सोपे होते. पुस्तकातली उदाहरणे बहुधा अमेरिकेतली असतात. ती वाचायची, पण हात चालवायचा तो आपल्या वहीवर.

आता पुस्तके. सुरुवातीला एक रुपयाही खर्च करू नका. एनसीईआरटीचे 'इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस' नावाचे अकरावीचे पुस्तक आहे. त्याचे शेवटचे दोन धडे डेटाबेस आणि एसक्यूएलचे आहेत, आणि बारावीच्या पुस्तकाचा पहिला धडा त्यापुढचा. दोन्ही पुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. हे तीन धडे झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, कारण वीज गेली तरी कागद वाचता येतो. भाषा सरळ आहे आणि प्रत्येक धड्याला करून पाहायचे प्रश्न आहेत. ते जमले आणि मुलाचा उत्साह टिकला, तर मग पैसे काढा.

काढायचे ते ॲलन ब्यूलियू यांच्या 'लर्निंग एसक्यूएल'साठी. तिसरी आवृत्ती २०२० ची. दुसरी, २००९ ची, जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली तरी बिनधास्त घ्या. तिच्यात बँकेचे उदाहरण आहे आणि मला ते नव्या आवृत्तीतल्या सिनेमे भाड्याने देणाऱ्या दुकानापेक्षा बरे वाटते. बर्डीवर गेलात तर चौकशी करा. परदेशी प्रकाशकांच्या अशा पुष्कळ पुस्तकांची भारतीय छपाई असते आणि ती मूळ किमतीपेक्षा बरीच स्वस्त पडते, म्हणून दुकानदाराला 'इंडियन एडिशन' असे स्पष्ट सांगून मागा.

कॉलेजातले सर बहुधा वेगळेच नाव सांगतील: सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचे 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स'. थोर पुस्तक आहे, आणि यातले सुदर्शन आपल्याच मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक. पण सातव्या आवृत्तीची पाने तेराशेच्या वर आहेत आणि ते वर्गात शिकवायला लिहिले आहे. घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलीच्या हातात पहिल्याच महिन्यात ते दिले तर ते कपाटावर जाईल. वर्षभराने द्या, तेही कॉलेजच्या ग्रंथालयातून. दुसरे एक नाव तुमच्या कानावर येईल ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे. 'लेट अस सी'ने देशभरातल्या मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लावली, आणि अवघड गोष्ट साध्या इंग्रजीत सांगावी कशी हे त्यात दिसते. मात्र ते सी भाषेचे आहे. वेबसाठी आधी सी शिकलेच पाहिजे असे काही नाही.

वेबच्या पुस्तकांची नावे मी मोजकीच सांगतो, कारण हा मजकूर तुमच्या हाती पडेपर्यंत त्यातले एखादे जुने झालेले असेल. बालभारतीच्या बारावी विज्ञान शाखेच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात जावास्क्रिप्ट आणि पीएचपीची ओळख आहे. शेजारच्या मुलाकडे पडलेले असते, मागून आणा. 'इलोक्वंट जावास्क्रिप्ट' हे मारेन हावरबेके यांचे पुस्तक लेखकानेच मोफत वाचायला ठेवले आहे, चौथी आवृत्ती २०२४ ची. पहिली काही प्रकरणे छान आहेत, मग चढण लागते. विकतच घ्यायचे तर जॉन डकेट यांचे 'पीएचपी अँड मायएसक्यूएल' २०२२ चे आहे आणि पानापानावर चित्रांसारखी मांडणी आहे, त्यामुळे इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना ते जमते. किंमत मात्र दुखते.

नावापेक्षा परीक्षा महत्त्वाची. ही परीक्षा अम्मी-अब्बूंनाही दुकानात उभ्या उभ्या करता येते. आधी छपाईचे नव्हे, आवृत्तीचे साल पाहा. जुनेच पुस्तक नव्या वर्षी पुन्हा छापलेले असते. मग शेवटची सूची उघडा. 'मायएसक्यूएल'च्या पुढे लगेच खालची रेघ आणि 'कनेक्ट' असेल तर पुस्तक खाली ठेवा. 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ' दिसले तर पुढे बघा. 'प्रिपेअर' हा शब्द आहे का? हे फार महत्त्वाचे. कोणी आपल्या नावाच्या रकान्यात डिसूझासारखे वर स्वल्पविराम असलेले नाव टाकले तर कच्च्या प्रोग्रामची आज्ञा मध्येच तुटते, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून आख्खा तक्ता पळवतो. ती फट बुजवायची रीत म्हणजे 'प्रिपेअर'. जे पुस्तक ही रीत शिकवत नाही ते मुलाला कुलूप नसलेले घर बांधायला शिकवते. तसेच पासवर्ड साठवण्यासाठी 'एमडी५' सांगणारे पुस्तक नको. २०१३ पासून पीएचपीतच 'पासवर्ड हॅश' नावाची चांगली सोय आहे. पानाची अक्षरे रंगवायला 'फॉन्ट' आणि 'सेंटर'ची खूण वापरणारे पुस्तक रद्दीत शोभेल.

सामान फार लागत नाही. जुना संगणक चालतो. 'झॅम्प' नावाचा मोफत संच चंद्रपूरला किंवा नेटवर्क असेल तिथे एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर आणा. पीएचपी आणि डेटाबेस दोन्ही त्यात असतात, आणि नंतर इंटरनेट नसले तरी सगळे घरच्या यंत्रावरच चालते.

इंग्रजीचे काय, हा प्रश्न उर्दू आणि मराठी माध्यमाच्या घरांत हटकून येतो. एसक्यूएलची भाषा जेमतेम काही डझन शब्दांची आहे: सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, व्हेअर. खरी अडचण पडद्यावरच्या चुकांच्या इंग्रजीची असते. भाचीने त्यासाठी वेगळी वही केली. डाव्या पानावर चूक जशीच्या तशी, उजव्या पानावर ती कशाने आली आणि कशाने गेली. पहिली नोंद अर्थातच त्या तीन रात्रींची आहे.

मुलीने हे शिकून इथे काय करायचे, असे दुल्हेभाईंनी मला विचारले होते. मी त्यांना त्यांचीच फडी दाखवली. गडचिरोलीत वनहक्क आणि पेसा कायद्यांमुळे कित्येक ग्रामसभा आता तेंदू आणि बांबू स्वतः विकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून ही वाट मोठी होत गेली. लाखोंचा हिशेब गावाचा गाव ठेवतो, आणि तो वहीत ठेवतो.

या वर्षीच्या मे महिन्यात भाचीने अब्बूंची वही रोज रात्री आपल्या तीन तक्त्यांत भरली. हंगाम संपल्यावर दोन्हींच्या बेरजा लावल्या, तर दोन कुटुंबांचे आकडे जुळेनात. एकाकडे १७० पुडे जास्त, दुसऱ्याकडे तितकेच कमी. बापलेकीत दोन रात्री वाद झाला. दुल्हेभाईंचे म्हणणे, संगणक चुकला. शेवटी दोघांनी रोजच्या मोजणीच्या चिठ्ठ्या काढल्या. एकाच नावाच्या दोन बाया, त्यातली एक विधवा, आणि एका दिवसाचे तिचे पुडे वहीत दुसरीच्या नावावर चढले होते. चुकारा व्हायला तीन दिवस होते. दुल्हेभाई सकाळीच मोटारसायकल काढून गावात गेले आणि ग्रामसभेसमोर खोडून, सही करून दुरुस्ती करून आले.

भाची आता विचारते आहे की ते तेराशे पानांचे पुस्तक पाठवता का. माझी प्रत पाचव्या आवृत्तीची, म्हणजे बरीच जुनी आहे. जुन्या कव्हरात बांधून एसटीच्या पार्सलने पाठवली.