तंबूत शेगडी नको!

डिसेंबर-जानेवारीत जोडून सुट्टी आली की मित्रांचे गट तंबू आणि स्लीपिंग बॅग घेऊन डोंगराकडे निघतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात जाणाऱ्यांची वाट अनेकदा नेसरीवरून जाते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार जिथे धारातीर्थी पडले, त्या खिंडीतील स्मारकाला मुजरा करायचा आणि पुढे सामानगड, गंधर्वगड किंवा पारगडाच्या परिसरात मुक्काम करायचा, असा बेत ठरतो. दिवसभर ऊन चांगले असते, त्यामुळे सामानात गरम कपडे कमी आणि खाण्यापिण्याचे पदार्थ जास्त भरले जातात. मग मध्यरात्रीनंतर हुडहुडी भरते आणि कोणीतरी म्हणते, "निखारे आत घेऊ या." खरा धोका इथून सुरू होतो.

गारठा कुठून येतो?

पावसाळ्यात ढग जमिनीवर पांघरुणासारखे काम करतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडून देते आणि तिच्यालगतची हवाही गार होते. गार हवा जड असल्याने ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. म्हणूनच घटप्रभेच्या काठी किंवा ओढ्यालगत लावलेल्या तंबूत माळापेक्षा जास्त थंडी वाजते. सर्वांत जास्त गारठा सूर्योदयाच्या सुमारास असतो.

शरीराचे आतील तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांखाली गेले की वैद्यकीय भाषेत त्याला 'हायपोथर्मिया' म्हणतात. त्यासाठी बर्फच पडायला हवा असे नाही. कपडे ओले असतील आणि वारा असेल, तर दहा अंशांतही ही वेळ येऊ शकते. तरी कोरडे कपडे आणि पुरेसे पांघरूण असलेल्या धडधाकट माणसाच्या जिवावर आपल्याकडची थंडी सहसा बेतत नाही. जिवावर बेततो तो थंडीवरचा चुकीचा उपाय.

निखारे का घातक?

लाकूड पेटत असताना धूर होतो, डोळे चुरचुरतात आणि माणूस सावध राहतो. लालभडक निखाऱ्यांना धूर नसतो, त्यामुळे ते निर्धोक वाटतात. पण कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत प्राणवायू कमी होत गेला, की हा वायू आणखी वाढतो. त्यात तंबूच्या कापडावर दव साचले, की कापडातून होणारी हवेची ये-जाही कमी होते. चेन थोडी उघडी ठेवली म्हणून धोका टळत नाही. गॅसचा स्टोव्ह आणि पेटता कंदील यांनाही हेच लागू आहे.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड मात्र हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदू आणि हृदयापर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला हे कळतही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण येथे फिरायला गेलेले केरळचे आठ पर्यटक असेच दगावले. त्यांत चार मुले होती. खोली बंद होती आणि ऊब यावी म्हणून आत गॅसचा हीटर लावलेला होता.

मद्याने ऊब येते हाही गैरसमज आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. शिवाय विषबाधेची डोकेदुखी आणि मळमळ 'रात्री जास्त झाली' म्हणून सोडून दिली जाते.

ऊब कशी राखावी?

तंबूत झोपलेल्याची बरीच उष्णता खालची जमीन ओढून घेते. त्यामुळे वर दोन पांघरुणे घेण्याआधी खाली जाड चटई हवी. पिकाच्या कापणीनंतर शेतकऱ्याला विचारून घेतलेले कोरडे भाताचे पिंजर अंथरले तरी चालते. लोकरीचे घोंगडे दमट झाले तरी बरीच ऊब धरून ठेवते. झोपण्यापूर्वी घामाचे कपडे आणि मोजे बदलावेत, कानटोपी घालावी, पोटभर जेवावे. गूळ-शेंगदाणे उशाशी असावेत. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती कापडात गुंडाळून पायाशी ठेवावी. शेकोटी परवानगी असेल तिथेच, तंबूपासून दूर पेटवावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून पूर्ण विझवावी.

जागा निवडताना ओढ्याचा खोलगा आणि वाऱ्याची कड दोन्ही टाळावीत. झाडाखालच्या पाचोळ्यावरही तंबू नको. चंदगडला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार जंगलातील गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा हंगाम हिवाळ्यातच सुरू होतो.

लक्षणे दिसली तर

एकाच तंबूतील दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्यावी. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे. श्वास थांबला असेल तर छातीदाब द्यावा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूयुक्त वाटते आणि आकडा चांगला दिसतो. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जावेच.

घाटाकडच्या भागात मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे मुक्कामाची जागा गावात कोणाला तरी सांगून ठेवावी आणि गाडी रस्त्याला लागेल अशा अंतरावर असावी. रात्री फारच गारठा वाढला, तर तंबू सोडून गावातल्या एखाद्या घरी किंवा देवळात आसरा मागण्यात कमीपणा नाही.