कुत्रं चावलं, आता अर्ज कुणाकडे?

मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून आलेल्या माझ्या सात वर्षांच्या भाच्याला निपाणीजवळच्या आमच्या गावी कुत्रं चावलं. पोटरीत दोन दात रुतले, रक्त आलं. बहीण हळदीचा डबा घेऊन धावली, तशी आजी ओरडली, "हळद नको गं, साबण आण की आधी!" पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माणसं आजीने पाहिली होती. नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं साबणाने पाय धुतला. त्या दिवशी सगळ्यात बरोबर झालेली गोष्ट तीच.

ती चौदा इंजेक्शनं आता नाहीत. लस दंडात देतात, पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते द्यायचं आहे का, हे डॉक्टरांना आपणच आठवणीने विचारावं. शेवटच्या डोसापर्यंत भाच्याची शाळा सुरू झाली होती, तो कोल्हापुरात घेतला. कार्ड कन्नडमध्ये भरलेलं, तारखा मात्र आकड्यांत. नर्सबाईंनी तारखा पाहिल्या आणि सुई टोचली. सीमाप्रश्न तिथे तरी आडवा आला नाही.

आडवा आला तो तक्रारीत.

चावलेली कुत्री चिकनच्या दुकानामागे व्यायलेली होती. दुकानदार पिसं आणि आतडी तिथेच टाकायचा, त्यामुळे सात-आठ कुत्री कायम तिथे. दोन दिवसांनी ती सायकलवरच्या एका मुलीच्याही मागे लागली. मी अर्ज लिहून एका कार्यालयात गेलो (कुठलं, ते जाऊ दे). टेबलावरचा माणूस म्हणाला, "ही जागा आमच्यात येत नाही, आणि अर्ज कन्नडमध्ये आणा."

पहिली गोष्ट खरी असू शकते, म्हणून आधी हद्द विचारून घ्यावी. बेळगाव शहरातले 58 वॉर्ड महापालिकेकडे, पण कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. हिंडलगा, कंग्राळीसारख्या गावांना ग्रामपंचायत. निपाणी शहरात नगरपालिका. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन कार्यालयांत असतात आणि कुत्र्याला ते माहीत नसतं.

दुसरी गोष्ट खरी नाही. संविधानाचं 350 वं कलम सांगतं, की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. मी ते कलम अर्जातच लिहिलं आणि अर्ज मराठीतच ठेवला. मात्र शेजारच्या काकांकडून चार ओळी कन्नडमध्ये लिहून सोबत जोडल्या. 'नायी कच्चिदे', कुत्रं चावलंय, एवढं वाचल्यावर वरचा साहेब लगेच मान वर करतो. यात कुणाला माघार वाटेल, मला वाटत नाही. हक्काची लढाई लढायचीच, पण पोराच्या पोटरीवर नको.

अर्जात जागा, वेळ, कुत्र्याचा रंग, किती जणांना चावलं, दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. कुत्र्याच्या कानाचा तुकडा कापलेला आहे का, तेही बघा. तसा असेल तर नसबंदी झालेली असते. पोच असूनही हालचाल नसेल, तर राज्याची 1902 ही तक्रार हेल्पलाइन आहे. कुत्रं पाळीव असेल तर गोष्ट वेगळी: मालकाच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमाखाली पोलिसांत जाता येतं.

गावात मात्र एकच मागणी होती, "विष घालून टाका." ते बेकायदा आहे. 2023 च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांना पकडून नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि त्याच जागी सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला त्यात अपवाद सांगितला: रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री परत सोडायची नाहीत. 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवायला सांगितली, आणि तीही तिथे परत सोडायची नाहीत. तुमची जागा यांपैकी असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

आमच्याकडे गाडी आली ती दुसऱ्या अर्जानंतर. तोवर आम्ही दहा दिवस कुत्रीवर लक्ष ठेवलं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ती खात-पीत होती, म्हणजे रेबीजची शक्यता गेली. तरी डोस पूर्ण केलेच. पिल्लं मोठी झाल्यावर तिला नेलं, काही दिवसांनी कान कापून परत सोडलं. दुकानदाराला पंचायतीने समज दिली, आता कचरा पोत्यात भरून जातो आणि दुकानामागे दोनच कुत्री दिसतात.

दिवाळीत भाचा पुन्हा आला. कुत्री दारात झोपली होती. तो माझा हात धरून पलीकडून गेला आणि म्हणाला, "मामा, हिचा कान दुखला असेल ना?"