आधी वर्ग ओळखा, मग औषध आणा

२०२२ च्या खरिपात बीड, लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत सोयाबीनवर शंखी गोगलगायींचे संकट आले. नुकतीच उगवलेली रोपे रात्रीतून फस्त झाली व कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. अशा वेळी आपला हात प्रथम फवारणीच्या पंपाकडे जातो. परंतु नेहमीच्या कीटकनाशकांनी गोगलगायींचा बंदोबस्त होत नाही. कारण गोगलगाय हा कीटकच नव्हे.

प्राणिशास्त्रज्ञ प्राण्यांची विभागणी त्यांच्या शरीररचनेवरून करतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये प्राण्यांची जी मांडणी केली, तिच्याच पायावर आजची पद्धत उभी आहे. आपला पत्ता जसा जिल्हा, तालुका, गाव असा आवळत येतो, तसाच प्राण्याचा पत्ता संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती व जाती असा आवळत येतो. हा पत्ता चुकला की औषधही चुकते.

आपल्या शेतातील बहुतेक किडी संधिपाद संघातील आहेत. त्यांचे पाय सांध्यांचे असतात, अंगावर टणक आवरण असते व वाढताना त्या कात टाकतात. या संघातील वर्ग पायांवरून ओळखता येतात. पायांच्या तीन जोड्या असल्यास तो कीटक. मावा, तुडतुडे, भुंगे, पतंग हे सर्व कीटकच होत. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी हे पतंगाचेच बालरूप आहे. अळीचे खरे पाय पुढच्या तीन जोड्याच. मागचे मांसल पाय मोजू नयेत. पूर्ण वाढलेल्या लाल कोळ्याला पायांच्या चार जोड्या असतात, म्हणून तो कीटक नव्हे. त्याच्यासाठी कोळीनाशक लागते. वाणीच्या शरीराच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. तिचा वर्ग आणखी निराळा.

गोगलगायीचा तर संघच वेगळा. ती मृदुकाय संघातील असून नदीतील शिंपला हा तिचा आप्त आहे. तिला सांध्यांचे पाय नाहीत. एका मांसल पायावर चिकट स्राव सोडीत ती सरकते. ती कात टाकीत नाही. त्यामुळे अळीची कात अडविणारी औषधे तिच्यावर व्यर्थ ठरतात.

ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ मध्ये ती कलकत्त्यास आणली गेली व तेथून देशात पसरली. ती उभयलिंगी असल्याने प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, आणि एका वेळी शंभराहून अधिक अंडी जमिनीत घातली जातात.

तिचा स्वभाव ओळखून उपाय योजावेत. ती रात्री व दमट हवेत बाहेर पडते. यासाठी सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी पसरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात व मिठाच्या किंवा साबणाच्या दाट द्रावणात बुडवून माराव्यात. बांधावरील गवत व दगडांचे ढीग हलवावेत, कारण तेथेच ती दिवसा दडते. शेताच्या कडेने कोरड्या चुन्याचा पट्टा ओढावा; पावसाने तो भिजल्यास पुन्हा टाकावा. प्रादुर्भाव अधिक असल्यास मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या एकरी २ किलो या प्रमाणात सायंकाळी बांधालगत व ओळींमध्ये टाकाव्यात. या गोळ्या विषारी आहेत. मुले, गुरे, कुत्री व कोंबड्या यांना त्यांपासून दूर ठेवावे.

हे काम एकट्याने साधत नाही. एकाने गोळा केल्या व शेजाऱ्याने सोडून दिल्या, तर आठवड्यात त्या पुन्हा येतात. म्हणून पहिल्या पावसानंतर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरी काढावी व साऱ्या गावाने एकाच वेळी मोहीम हाती घ्यावी. कोणताही अनोळखी जीव दिसल्यास तो बाटलीत घालून दाखवावा, त्याचे पाय मोजावेत, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.