इंजिनापुढील इंजिन

स्वनातीत विमानांची चर्चा निघाली की कौतुकाचा सारा वाटा इंजिनाच्या पदरी पडतो. इंजिनापुढील हवेच्या प्रवेशमार्गाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच, तर तो एक पोकळ बोगदा समजला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९७६ ते २००३ या काळात प्रवासी वाहून नेणाऱ्या कॉन्कॉर्डचा माख २ वेगातील हिशेब मांडला, तर पुढे नेणाऱ्या रेट्यापैकी सुमारे ६३ टक्के प्रवेशमार्गाच्या, २९ टक्के मागील झोतमुखाच्या आणि अवघा ८ टक्के प्रत्यक्ष इंजिनाच्या वाट्यास येई. अर्थात हा केवळ वाटणीचा हिशेब. इंजिनाने हवा ओढणे थांबविले, तर हाच मार्ग विमानाची वाट अडवू लागेल.

ध्वनीहून वेगाने येणारी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरला मानवत नाही. काही मीटरांच्या अंतरात तिचा वेग माख ०.५ च्या आसपास आणावा लागतो. ती एकाच प्रबळ आघात तरंगाने रोखली, तर माख २ ला तिच्या एकूण दाबापैकी सुमारे २८ टक्के वाया जातो. म्हणून कॉन्कॉर्डच्या अभियंत्यांनी तिरक्या फळ्या योजल्या आणि अनेक दुर्बळ तरंगांच्या पायऱ्यांवरून हवेला खाली उतरविले. तोटा दहा टक्क्यांच्या आत आला. मात्र वेग बदलला की तरंगांच्या जागाही बदलतात. तेव्हा फळ्या हलत्या ठेवणे भाग होते.

तरंग ढळल्यास काय होते, हे अमेरिकेच्या एसआर-७१ या टेहळणी विमानाने दाखविले होते. २५ जानेवारी १९६६ रोजी माख ३ हून अधिक वेगात वळण घेताना त्याच्या उजव्या प्रवेशमार्गातील तरंग बाहेर फेकला गेला आणि विमानाचे तुकडे झाले. वैमानिक बिल वीव्हर वाचले. सहकारी जिम झ्वेयर प्राणास मुकले. जानेवारी १९७१ मध्ये कॉन्कॉर्डच्या पहिल्या नमुना विमानाचीही एक फळी दाबाच्या उसळीने तुटून पडली; ते मात्र सुखरूप उतरले.

दाबरोधक पोशाखातील लष्करी वैमानिक असा धोका पत्करू शकतो. जेवणाच्या ताटापुढे बसलेल्या शंभर उतारूंवर तो लादता येत नाही. नमुना विमानांतील ॲनालॉग नियंत्रण बाजूस सारून सेवेतील कॉन्कॉर्डच्या फळ्या अंकीय संगणकांच्या हाती सोपविण्यात आल्या, तो खर्च चैनीचा नव्हता.