रायफलीचा दस्ता : लांकूड कीं फायबरग्लास ?

हत्यार कोणतेंही असो, त्याचें लोखंड जितकें महत्त्वाचें, तितकाच तें लोखंड धरून ठेवणारा दांडाही महत्त्वाचा असतो. कुऱ्हाडीचें पातें उत्तम पोलादाचें असलें, पण दांडा सैल असला, तर घाव नेमका बसत नाहीं. हाच नियम बंदुकीसही लागू आहे. अमेरिकेंत शिकारीसाठीं स्वतःच्या मापाची बोल्ट रायफल कारागिराकडून बनवून घेण्याची जुनी चाल आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अशा रायफलींच्या दस्त्यांत अक्रोडाच्या लांकडाची जागा फायबरग्लास व तत्सम कृत्रिम पदार्थांनीं पुष्कळ अंशीं घेतली. ती कां घेतली, आणि केवळ पदार्थ बदलल्यानें रायफल भरंवशाची होते काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों. आपल्याकडील शेतकऱ्यास अशी रायफल बनवावयाची नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि लोखंड व लांकूड ह्यांच्या जोडांतील गुणदोष ज्यास कळले, त्यास घरची परवान्याची बंदूक अधिक चांगली राखतां येईल.

रायफलीची रचना

दाराची कडी पुढें सरकवून खालीं वळविली म्हणजे दार जसें घट्ट बसतें, तसा पोलादी दांडा पुढें ढकलून खालीं वळविल्यानें जिच्या नळीचें मागील तोंड बंद होतें, ती बोल्ट रायफल. ह्या दांड्याच्या पुढच्या टोकास दोन दांते असतात. ते यंत्राच्या खांचांत अडकतात व काडतूस पेटल्यावर होणारा सर्व दाब पेलतात. जर्मनींतील पॉल माउझर ह्यांची १८९८ सालची रचना ह्या जातींत आदर्श ठरली. तींत पुढच्या दोन दांत्यांखेरीज तिसरा एक दांता मागील बाजूस सुरक्षिततेसाठीं ठेवलेला होता. अमेरिकन सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड, १९३६ सालीं निघालेली विंचेस्टर मॉडेल ७० व १९६२ सालीं निघालेली रेमिंग्टन मॉडेल ७०० ह्या रायफली त्याच वळणाच्या होत.

दोन्ही महायुद्धांनंतर अमेरिकेंत लष्करी माउझर व स्प्रिंगफील्ड रायफली स्वस्तांत मिळूं लागल्या. कारागीर त्यांचें यंत्र तेवढें ठेवीत, गरजेप्रमाणें नवी नळी बसवीत आणि अक्रोडाच्या ओंडक्यांतून गिऱ्हाइकाच्या मापाचा नवा दस्ता कोरीत. मापाच्या रायफलीचा धंदा तेथें अशा रीतीनें वाढला. यंत्र, नळी व दस्ता हे तिचे तीन मुख्य भाग. पहिले दोन पोलादाचे असल्यामुळें हवेप्रमाणें फारसे बदलत नाहींत. तिसरा लांकडाचा असला म्हणजे बदलतो, आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते.

लांकडाचा स्वभाव

बैलगाडीच्या चाकाचा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. उन्हाळ्यांत लांकूड आकसतें, धांव सैल पडते आणि चाक पाण्यांत भिजत घातलें म्हणजे लांकूड फुगून धांव पुन्हां आवळली जाते. दस्त्याचें लांकूड ह्याहून निराळ्या स्वभावाचें नसतें. अमेरिकेंतील काळ्या अक्रोडाचें ओलें लांकूड पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेनें सुमारें ७.८ टक्के व गाभ्याकडून सालीकडे सुमारें ५.५ टक्के आकसतें. लांबींत होणारी घट मात्र नगण्य असते. दस्ता मुरलेल्या लांकडाचा करीत असल्यामुळें त्यांत इतका मोठा फरक पडत नाहीं. परंतु पावसांत, धुक्यांत व कोरड्या थंडींत तो थोडथोडा हलत राहतो, आणि रेषा सर्वत्र सारख्या नसल्यामुळें तो एकसारखा न हलतां पिळवटतो.

आतां ह्या पिळाचा परिणाम पाहूं. गोळी सुटतांना नळी थरथरते. दस्ता नळीस एका बाजूनें टेकला असेल, तर त्या टेक्याप्रमाणें थरथर बदलते व गोळीची दिशाही बदलते. टेका नेहमीं सारखा राहिला तर दुर्बीण त्याप्रमाणें जुळवून घेतां येते. पण आज टेका आहे व उद्यां नाहीं, असें झालें म्हणजे जुळवणी व्यर्थ जाते. अंशाच्या साठाव्या भागास मिनिट म्हणतात. एका मिनिटाचा फरक १०० यार्डांवर सुमारें १ इंच व ३०० यार्डांवर सुमारें ३ इंच होतो. मध्यम आकाराच्या हरणाचें हृदय व फुप्फुसें ज्या भागांत असतात, तो भाग शिकारी ८ ते १० इंच व्यासाचा धरतात. म्हणजे मध्यावर नेम धरला असतां चुकीस जागा चार-पांच इंचांचीच उरते. पावसानें दस्ता पिळवटून नेम केवळ दोन मिनिटें ढळला, तरी ३०० यार्डांवर गोळी ६ इंच बाजूस जाते. जनावर मरत नाहीं, पोटांत किंवा मांडींत गोळी घेऊन झाडींत शिरतें व तेथें हालहाल होऊन मरतें. दस्त्याचा प्रश्न हौसेचा किंवा देखणेपणाचा नसून मुक्या प्राण्याच्या यातनांचा आहे, तो ह्या कारणानें.

कृत्रिम दस्त्याचा उगम

१९५९ सालीं रेमिंग्टन कंपनीनें नायलॉन ६६ नांवाची एक लहान रायफल बाजारांत आणली. ती बोल्ट जातीची नव्हती, परंतु तिचा दस्ता ड्यूपॉन्ट कंपनीच्या नायलॉनचा होता, आणि लांकडावांचून दस्ता टिकतो हें तिनें सामान्य गिऱ्हाइकास दाखवून दिलें. दुसरा धडा युद्धानें दिला. १९६६ सालीं अमेरिकेच्या मरीन दलानें रेमिंग्टन ७०० च्या यंत्रावर आधारलेली एम ४० ही नेमबाजांची रायफल स्वीकारली. तिचा दस्ता अक्रोडाचा होता. व्हिएटनामच्या दमट हवेंत तो फुगून पिळवटूं लागला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत ह्याच रायफलीच्या सुधारलेल्या आवृत्तीस मॅकमिलन ह्यांचे फायबरग्लासचे दस्ते बसविण्यांत आले. १९८८ सालीं अमेरिकन भूसैन्यानें घेतलेल्या एम २४ रायफलीचा दस्ताही कृत्रिमच होता व त्याच्या पोटांत यंत्र बसण्यासाठीं ॲल्युमिनियमची बैठक होती.

ह्याच सुमारास डोंगराळ प्रदेशांतील शिकाऱ्यांसाठीं हलक्या रायफलींचा शोध चालू होता. १९६५ सालीं ड्यूपॉन्टमधील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक ह्यांनीं केव्हलारच्या तंतूंचा मार्ग खुला केला. वेस्ट व्हर्जिनियांतील मेल्व्हिन फोर्ब्ज ह्या कारागिरानें केव्हलार व ग्रॅफाइट ह्यांचा सुमारें एक पौंड वजनाचा दस्ता करून त्यावर अत्यंत हलक्या रायफली उभारल्या. विशेष हें कीं, इतर कारागीर नळी दस्त्यापासून मोकळी ठेवीत असतां फोर्ब्ज ह्यांनीं ती पूर्ण लांबीभर दस्त्यास टेकविली. दस्ता ताठ असून हवेप्रमाणें हलत नसेल तर टेका असूनही अडत नाहीं, हें त्यावरून सिद्ध झालें.

सर्वच कृत्रिम दस्ते सारखे नव्हेत

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सांच्यांत वितळलेलें प्लास्टिक दाबून काढलेला स्वस्त दस्ता आणि राळेंत भिजविलेलें काचतंतूंचें कापड थरावर थर बसवून हातानें केलेला दस्ता, ह्यांना बाजारांत एकच नांव असलें तरी त्यांच्या गुणांत मोठें अंतर आहे. पहिल्या प्रकारचा दस्ता पाण्यानें फुगत नाहीं हें खरें, पण पुष्कळदां तो लवचीक असतो. रायफल दगडावर टेकविली किंवा पट्टा ताणून धरला कीं त्याचा पुढचा भाग वांकतो व नळीस लागतो. म्हणजे लांकडाचा जो दोष पावसानें उत्पन्न होई, तोच येथें हाताच्या दाबानें उत्पन्न होतो. शिवाय अशा कांहीं प्लास्टिकांस राळ नीट चिकटत नाहीं, त्यामुळें आंतील बैठक सुधारणें कठीण जातें. दुसऱ्या प्रकारचा दस्ता ताठ व हलका असतो, परंतु त्यास किंमत पडते.

घडणीचा क्रम

उत्तम कारागीर प्रथम यंत्र निवडतो. दोन्ही दांते खांचांस सारखे टेकतात कीं नाहीं, हें तो पाहतो. नंतर नळी बसते. काडतूस घरांत किती खोल बसतें, हें माप येथें निर्णायक असतें. जागा वाजवीपेक्षां अधिक राहिल्यास काडतुसाचें पितळी आवरण फाटून तापलेला वायु मागें येऊं शकतो; म्हणून हें काम मापें व अनुभव असलेल्या माणसाचेंच होय.

त्यानंतर दस्त्याची पाळी येते, आणि रायफलीचा खरा भरंवसा येथें ठरतो. दस्ता कितीही चांगल्या पदार्थाचा असला, तरी सांच्यांतून निघालेली त्याची पोकळी यंत्राच्या अंगास तंतोतंत बसत नाहीं. ही उणीव इपॉक्सी राळेनें भरून काढतात. यंत्रास मेणासारखा पदार्थ चोळून तें राळेंत बसवितात, व राळ घट्ट झाल्यावर यंत्राच्या आकाराचा हुबेहूब ठसा उमटतो. यंत्राखालीं एक आडवा पोलादी ठोकळा असतो. गोळी सुटतांना मागें येणारा धक्का तो दस्त्यास देतो. त्याची बैठक सर्वांत पक्की लागते. दस्त्यांतून जाणाऱ्या स्क्रूंच्या भोंवतीं ॲल्युमिनियमचीं नळकांडीं बसवितात, म्हणजे स्क्रू आवळतांना दस्ता चेपला जात नाहीं. त्यापुढें नळी व दस्ता ह्यांमध्यें सर्वत्र सारखी फट ठेवतात.

मापाकडेही तितकेंच लक्ष द्यावें लागतें. चापापासून दस्त्याच्या मागील टोकापर्यंतचें अंतर सामान्यतः साडेतेरा इंचांच्या आसपास असतें. आखूड हाताच्या किंवा जाड कपडे घालणाऱ्या माणसास तें कमी लागतें. दुर्बिणीसमोर डोळा आपोआप येईल, अशा उंचीवर गाल टेकला पाहिजे. वजनाचा लोभ मात्र बेताचा असावा. काडतूस तेंच ठेवून ९ पौंडांची रायफल ६ पौंडांची केली, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची शक्ति सुमारें दीडपट होते. धक्क्यास भिणारा मनुष्य चाप ओढतांना दचकतो, आणि मग उत्तम दस्ताही त्याच्या उपयोगी पडत नाहीं.

शेवटीं परीक्षा. शिकारींत पहिलीच गोळी निर्णायक असते, व ती थंड नळींतून सुटते. म्हणून तापलेल्या नळींतून ओळीनें झाडलेल्या दहा गोळ्यांपेक्षां, निरनिराळ्या दिवशीं, कोरड्या व ओल्या हवेंत थंड नळींतून झाडलेली एकेक गोळी कोठें लागते, हें पाहणें अधिक महत्त्वाचें होय. सर्व गोळ्या एकाच जागीं आल्या तर घडण साधली असें समजावें.

लांकडाची बाजू

ह्यावरून लांकूड टाकाऊ झालें असें कोणी समजूं नये. नीट मुरलेलें, सरळ रेषांचें, आंतबाहेर तेल किंवा रोगण पाजलेलें व उत्तम बैठक दिलेलें अक्रोडाचें लांकूड आजही चांगलें काम देतें. पातळ फळ्या चिकटवून केलेला दस्ता त्याहूनही स्थिर असतो. उलट, कृत्रिम दस्ता न फुगणारा असला तरी त्याखालचें लोखंड गंजावयाचें थांबत नाहीं. दस्ता कोरडा दिसतो म्हणून मालक निश्चिंत राहतो, आणि पाणी मात्र आंत, यंत्राच्या पोटाखालीं, आपलें काम करीत असतें.

आपल्याकडील कायदा व बोध

अमेरिकेंत १९६८ च्या कायद्याप्रमाणें रायफलीचें यंत्र हेंच कायद्याच्या दृष्टीनें शस्त्र गणलें जातें. दस्ता इतर सामानाप्रमाणें विकत मिळतो. त्यामुळें तेथें ही कला घरोघर पसरूं शकली. आपल्या देशांत तसें नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें शस्त्र बाळगण्यास परवाना लागतो आणि तें बनविण्यास, त्यांत फेरफार करण्यास किंवा दुरुस्तीचा धंदा करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा असून त्यानें शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकास धोकादायक झालेल्या कांहीं वन्य प्राण्यांविषयीं कलम ११ खालीं अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळूं शकते. परवानगीवांचून गोळी झाडणें हा गुन्हाच होय. तेव्हां वरील घडण वाचून कोणीं घरीं हत्यारें हातांत घेऊं नयेत.

परंतु ज्या शेतकरी बंधूंजवळ पीकसंरक्षणासाठीं परवान्याची बंदूक आहे, त्यांनीं एवढें अवश्य करावें. पावसाळ्यांत ती ओल्या भिंतीस टेकवून किंवा गोणपाटांत गुंडाळून ठेवूं नये. भिजल्यास लोखंड व लांकूड हीं दोन्ही पुसून, सावलींत वाळवून, लोखंडास तेलाचा हात द्यावा. दस्ता हालतो, लांकडास चीर गेली आहे किंवा स्क्रू सैल झाले आहेत असें दिसल्यास ती झाडूं नये. परवानाधारक कारागिराकडे न्यावी. चाकाची धांव सैल झाली असतां शेतकरी गाडी जुंपीत नाहीं. बंदुकीच्या बाबतींत तर चुकीची किंमत बहुधा दुसऱ्यासच द्यावी लागते. तेव्हां तेथें ही सावधगिरी अधिकच पाहिजे.