वनौषधींनाही मात्रा हवी

जुलै २०१९ मध्ये केंद्र शासनाने कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नोपयोगी पशुपक्ष्यांसाठी वापर निषिद्ध ठरविला. तो निर्णय योग्यच होता. माणसाच्या दुर्धर जंतुसंसर्गावर जे अखेरचे अस्त्र म्हणून राखून ठेवावयाचे, ते कोंबड्यांचे वजन वाढविण्यासाठी खाद्यात मिसळले जावे, यापरती उधळपट्टी कोणती? अशा प्रतिजैविकांची जागा वनौषधींनी घ्यावी, हे स्वाभाविकच होय. हळद, लसूण, कडुनिंब, कोरफड या गोष्टी शेतकऱ्याच्या ओळखीच्या. त्यांच्यावर विश्वास बसण्यास जाहिरातीची गरज नाही. तथापि या विश्वासाच्या पाठोपाठ ‘झाडपालाच तो, अपाय कसला?’ ही जी समजूत येते, ती मात्र घातक आहे.

धोतरा, कण्हेर आणि गुंज हाही झाडपालाच. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले, ते बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीने. त्या बुरशीच्या विषालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ओलसर जागी साठविलेल्या औषधी चुऱ्यालाही बुरशी लागू शकते. म्हणून पाला पुरता वाळवावा, कुबट वास येताच फेकून द्यावा आणि फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरून तो तोडूच नये. कडुनिंब अति झाला, तर कडवटपणामुळे पक्षी खाणे कमी करतात व वाढ खुंटते; लसणाच्या अतिरेकाने रक्तातील तांबड्या पेशींना इजा पोहोचते. हळदीची कथा आणखी निराळी. रंग खुलावा म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. तेव्हा विकतच्या पुडीपेक्षा घरी कुटलेली हळकुंडे बरी.

परंतु खरा धोका याहून मोठा आहे, आणि तो औषधात नसून दिरंगाईत आहे. राणीखेत, म्हणजे खेड्यातील मानमोडी, हा विषाणुजन्य रोग. एकदा तो जडला की काढाही चालत नाही आणि इंजेक्शनही. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा व पुढे सुमारे दोन महिन्यांनी आर-टू-बी लस, एवढाच त्यावर भरवशाचा उपाय. लस पाण्यातून द्यावयाची असेल, तर त्या दिवशी त्या पाण्यात काढा अथवा क्लोरीन काहीही असू नये. पक्षी एकाएकी पटापट मरू लागले, तर घरगुती उपचार न करता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूचा जो प्रादुर्भाव झाला, तो आठवावा.

यावर कोणी म्हणेल, मग परसात दहा कोंबड्या पाळणारी बाई लस का टोचून घेत नाही? तिची अंड्यांची मिळकत म्हणजे मुलांच्या वह्या आणि घरातले तेलमीठ; ती बुडावी असे तिला थोडेच वाटते! वस्तुतः लसीची एकेक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि तयार केल्यावर काही तासांतच संपवावी लागते. दहा पक्ष्यांसाठी ती एकटी कोण आणणार? काढा मात्र चुलीवर फुकट होतो. ग्रामपंचायतीने महिन्यातील एक दिवस नेमून गावातील सर्व खुराड्यांना एकदम लस द्यावी, दवाखान्याने शीतपेटीसह माणूस पाठवावा. याला नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही नाही.